बाळाबाईचा हिस्सा आणि खेळातली यंत्राची बाई

मी, धोंडाबाई कोंडिबा खुटवड, वय ७६, धंदा शेती, राहणार विंझर, तालुका वेल्हे. शाळा दुसरीपर्यंत, डोकं ठिकाणावर. कुणी धमकावलेलं नाही. मला धमकावणारा अजून जन्मायचाय. हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवते.

१. राहतं घर मुलगा धनाजी याला. शेळ्या सून छाया हिला. वीस वर्षं मला आळणी कालवण वाढते, तरी देते.

२. नात शेफाली हिला माझ्या पाटल्या. तिचा कॉम्प्युटरवरचा खेळ कुणी बंद करू नये. त्या खेळात सगळं जग जळून गेलंय. उरलेली माणसं एका वस्तीत राहतात आणि यंत्राची एक बाई त्यांचं पाणी भरते, शेत करते. एक दिवस ती म्हणाली, मला वस्तीच्या बैठकीत बसू द्या, एक वाफा माझ्या नावावर करा. शेफालीनं विचारलं, "आजी, देऊ का गं हिला हक्क?"

"राबणाऱ्याला कशाला हक्क? दोन वेळचं मिळतंय न्हवं?"

"ती जेवत न्हाई, आजी. यंत्र हाय."

"मग तर मुळीच नको."

पोरीनं नकाराचं बटण दाबलं. ती बाई भांडली नाही. कळशी उचलून पाण्याला गेली. मी जेवणाचं ताट बाजूला सारलं. नातू प्रेम हसला, "आजी, खेळ हाय तो. यंत्राला काय वाटतंय?" वाटत असंल नसंल, मला ठाऊक नाही. नाही म्हणणारं तोंड मात्र माझं होतं, आणि ते काही पहिल्यांदा म्हणालं नव्हतं.

३. माझी नणंद बाळाबाई विधवा होऊन माहेरी आली आणि चव्वेचाळीस वर्षं आमच्या भातखाचरात राबली. सासऱ्यांच्या जमिनीत तिचा अर्धा हिस्सा. तो सोडल्याचा कागद मी तिच्याकडून करून घेतला. सांगितलं, रेशनकार्डात नाव घालायचंय. कचेरीतल्या साहेबानं विचारलं, "बाई, राजीखुशीनं का?" तिच्या आधी मीच म्हणाले, "व्हय." तिनं अंगठा दिला. आमच्याकडं बहिणी भावाची साडी घेऊन हिस्सा सोडतात. मी साडीसुद्धा दिली नाही.

४. सबब, ओढ्याकडची दोन एकर, जी मालकांनी हयातीत माझ्या एकटीच्या नावावर केली, त्यातली अर्धी, पाण्याकडची, बाळाबाईला. धनाजीनं हरकत घेऊ नये.

काल तिला सांगितलं. विळ्याला धार लावत होती. मान वर न करता म्हणाली, "वहिनी, म्हंजे तुमी मेल्यावर का?"

हयातीत द्यायला धनाजीच्या तोंडाला भिते, हे खरं लिहिते.

५. माझ्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवंना, तर नदीकाठी हात जोडून काहीबाही कबूल करत बसू नका. बाळाबाईच्या नावाचा सातबारा आणा, तिच्या हातात द्या. ती माझ्याआधी गेली, तर कावळ्याची वाटच बघू नका. पिंड पाण्यात सोडा आणि घरी जा.

सही माझी, दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत:
धोंडाबाई कोंडिबा खुटवड

साक्षीदार:
१. अमृत सोपान लिमण, विंझर
२. प्रेरणा विलास शेडगे, कामथडी

ठिकाण: विंझर
तारीख: १९ डिसेंबर २०२३