सत्तेचाळिसावा तारा

प्रिय टिंबू,

या नावाने तुला हाक मारणारी आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा नाक मुरडू नकोस. संचालकबाई वगैरे तू तिकडे वेधशाळेत. हे पत्र मी मुद्दाम घरच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण ऑफिसातलं तुझं टपाल दुसरं कुणीतरी फोडतं आणि यातली एकही ओळ त्या दुसऱ्या कुणासाठी नाही. मी रागावलेली आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे "मावशी, तुझी तब्येत बरी आहे ना?" असा फोन करायचे कष्ट वाचतील. तब्येत ठणठणीत आहे. रागही ठणठणीत आहे.

रविवारी वेधशाळेच्या सभागृहाला तुझ्या बाबांचं नाव दिलं, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारी आपला जुना सुतार, ज्याने आकाशाच्या फोटोंच्या काचा ठेवायच्या सगळ्या पेट्या बनवल्या तो. तू छान बोललीस. बोलायला तू पहिल्यापासून पटाईत. बाबांचा नकाशा पडद्यावर दाखवलास, आकाशगंगेच्या दोन बाहूंमधला तो छोटा फाटा दाखवलास, मग तुझा सत्तेचाळीस नंबरचा तारा, बाबांच्या नकाशात होता आणि तू शोधायला गेलीस तेव्हा नव्हता तो. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग तू आईवर आलीस. म्हणालीस, काही तारे मोठे असतात, भराभर जळतात, लवकर जातात, आणि जाताना आपल्या पोटातलं लोखंड सगळ्यांना वाटून जातात. "माझी आई अशी होती, बाबांना मदत करता करता ती जळून गेली, आणि तिचं लोखंड माझ्या रक्तात आहे." लोकांनी रुमाल काढले. सुताराने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही उठून जाऊ नका हं." त्याने माझं मनगट धरून ठेवलं होतं म्हणून मी बसले.

तुझी आई जळून गेली नाही. डोक्यातली शीर फुटून गेली, एकोणचाळिसाव्या वर्षी, दुपारी सव्वाचारला, हातात चहाचा कप असताना. तिला जळायची अजिबात हौस नव्हती. तिला ऐंशी वर्षं जगायचं होतं आणि निवृत्त झाल्यावर पोहायला शिकायचं होतं. आणि लोखंडाचं म्हणशील तर, अगं, तू शिकलेली बाई ना? मोठ्या ताऱ्याच्या पोटात लोखंड तयार झालं की त्याचं संपतंच. तोवर एकेक इंधन जाळून तो स्वतःला सावरून धरतो. लोखंड जाळून काही मिळत नाही, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाभा कोसळतो. त्यातलं बरंचसं लोखंड त्या कोसळण्यातच अडकतं. आपल्या रक्तातलं पुष्कळसं लोखंड येतं ते वेगळ्याच ताऱ्यांकडून. विझत आलेला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला छोटा पांढरा तारा असतो. शेजारचा तारा आपला माल त्याच्या अंगावर टाकत राहतो, वर्षानुवर्षं. तो बिचारा मुकाट्याने घेत राहतो, आणि एक दिवस वजन हद्दीबाहेर गेलं की त्याचा भडका उडतो. उपमाच द्यायची तर ही घे. ही तुझ्या आईची नाही, माझी आहे.

आता "मदत" या शब्दाकडे येते. ताई वेधशाळेत तुझ्या बाबांच्या आधी चार वर्षं होती. काचा मोजणाऱ्या आम्ही पाचजणी होतो. तारे बघायला रात्र लागते असं लोकांना वाटतं. आमचे तारे सकाळी अकराला सुरू व्हायचे आणि पाचला बंद. खालून दिवा लावलेलं दुधी टेबल, त्यावर रात्री दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोची ताटाएवढी काच, डोळ्याला भिंग. काचेवर आकाश पांढरं आणि तारे काळे ठिपके. एकाच आकाशाच्या दोन तारखांच्या काचा शेजारी ठेवायच्या आणि कुठला ठिपका लहानमोठा झाला ते शोधायचं. असा ठिपका सापडला की काचेच्या कोऱ्या बाजूवर त्याच्याभोवती शाईने गोल काढायचा. फोटोच्या बाजूला शाई लावली तर तारा गेलाच. कुठली बाजू कुठली ते चकाकीवरून कळतं, पण जुन्या काचा मळकट होतात. मग कडेला ओठ टेकवायचा. फोटोची बाजू ओठाला किंचित चिकटते, कोरी चिकटत नाही. प्रत्येकीची शाई वेगळी. माझी तांबडी, ताईची हिरवी. आमची नावं कुठेच छापली जात नसत, म्हणून आम्हीच आपापसात तसं ठरवून घेतलं होतं.

मग ताईने लग्न केलं. नवराबायको एकाच खात्यात चालत नाहीत असा नियम होता, म्हणून तिचं नाव हजेरीपटावरून काढलं आणि रिकाम्या झालेल्या जागेवर मला घेतलं. नाव काढलं तरी ताई येतच राहिली. रोज अकराला. मी तिच्या पदावर आणि ती माझ्या शेजारच्या स्टुलावर. भाऊजी, तुझे बाबा, तेव्हा ज्यांच्या मागे होते ते तारे तुला ठाऊक आहेत: वजनदार, वयाने लहान असूनही आयुष्य उताराला लागलेले, श्वास घेतल्यासारखे फुगणारे आणि आकसणारे. फुगण्या-आकसण्याला जितके जास्त दिवस, तितका तारा मुळात तेजस्वी. मुळात किती तेजस्वी ते कळलं आणि दिसतो किती अंधुक ते मोजलं, की तो किती लांब ते निघतं. आपण आकाशगंगेच्या चकतीच्या आत बसलेलो. एका खोलीतून बाहेर न पडता अख्ख्या घराचा नकाशा काढायचा, तसं हे काम. ताईने सहा वर्षांत सेहेचाळीस तारे धरले. प्रत्येकाचे दिवस मोजले, अंतर काढलं, आणि एका दुपारी स्टूल मागे सारून मला म्हणाली, "हे बघ गं, दोन बाहूंच्या मध्ये मोकळं असायला हवं, आणि इथे रांग लागलीय." तो फाटा पहिल्यांदा बघितलेली माणसं दोन. एक ती आणि दुसरी मी. भाऊजी त्या दिवशी गावातही नव्हते.

ते परत आले आणि ताईने वही त्यांच्या हातात दिली. आनंदाने दिली, कुणी हिसकावली नाही, तेवढा न्याय मी त्यांना देते. वहीवरून त्यांनी तक्ता टाइप करून घेतला. नकाशा मात्र स्वतः काढायचा म्हणाले. काचा खोलीत घेऊन गेले, दार लावलं आणि पातळ कागदावर गिरवून काढला. लेख छापून आला. लेखक एक. तळाशी बारीक अक्षरात, "पत्नीने केलेल्या मदतीबद्दल आभारी आहे." तुझा "मदत" हा शब्द तिथला आहे. त्याला वारसाहक्काने मिळालेला शब्द म्हणायला हरकत नाही.

आणि तो नकाशा उलटा होता. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. पुढच्या अंकात दुरुस्ती आली, "छपाईतील चुकीमुळे". छापखान्याची काही चूक नव्हती. शाई कागदाला लागू नये म्हणून तुझ्या बाबांनी काच शाईची बाजू खाली करून ठेवली होती. त्या टेबलावर एक दिवस बसलेली बाईसुद्धा ही चूक करणार नाही. सहा वर्षं त्या काचा मोजल्याचा मान ज्यांना मिळाला, त्यांना काच कुठल्या बाजूने बघायची हे ठाऊक नव्हतं! अंक आला तेव्हा ताई तो नकाशा बघून हसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ती फक्त उलटेपणाला हसत नव्हती. ते पुढे सांगते.

तू विचारशील, मग तू इतकी वर्षं मूग गिळून का बसलीस? विचारच. मी नोकरीत कायम झाले ती भाऊजींच्या सहीने. ताई गेल्यावर तू नऊ वर्षांची, दर रविवारी माझ्याकडे यायचीस, आणि ते रविवार बंद करणं त्यांच्या हातात होतं. ते तसं कधी म्हणाले नाहीत. म्हणायची गरजही पडली नाही. तू मोठी झालीस, बाबांचा नकाशा घेऊन परदेशी शिकायला गेलीस. तुझा प्रबंध चालला होता तेव्हा मी तुला दोनदा फोन केला की एकदा येऊन मूळ काचा बघ. तू म्हणालीस, "मावशी, छापील नकाशा पुरेसा आहे गं." त्यावर तिसरा फोन मी केला नाही. हा माझा भित्रेपणा, आणि त्याचाही राग या पत्रात आहे. सगळा तुझ्या वाट्याचा समजू नकोस.

आता तू संचालक झालीस आणि सगळ्या काचा स्कॅन करायचं काढलंस. चांगलं काम आहे. त्याआधी शाई पुसायची, कारण शाईखाली तारे झाकले जातात, हेही कळतं. पण पुसण्याआधी प्रत्येक काचेचा साधा फोटो काढून ठेवायचा असं ठरलं होतं. वेळ जातो म्हणून तू ते रद्द केलंस. तुझ्या पत्रकात लिहिलंयस, "निशाण्यांना वैज्ञानिक मूल्य नाही." खाली तुझी सही. पुसायला माणूस हवा होता जो चुकीची बाजू पुसणार नाही, म्हणून निवृत्तीनंतर आठ वर्षांनी मला बोलावलंस. मी आले. तीन आठवडे हातात ओला बोळा घेऊन मी माझी तांबडी शाई पुसते आहे, आणि उरलेल्या तिघींची. एकीची निळी शाई निघता निघत नव्हती, तेव्हा तिच्यासारखाच हट्टी स्वभाव म्हणून मला हसू आलं आणि मग बसून रडले. ताईच्या हिरव्या शाईच्या काचांची पेटी मी रोज ढिगाच्या तळाशी सरकवते. दोनशे चौदा नंबर. आता वर दुसरी एकही पेटी उरलेली नाही. सोमवारी तिचीच पाळी आहे.

म्हणून हे पत्र. त्या पेटीतल्या नवव्या काचेवर ताईचे सहा गोल आहेत आणि कडेला एक सातवा ठिपका आहे, हिरवा, जाडसर, ज्याच्याखाली तारा नाही. तू तीन वर्षांची होतीस, ताईच्या मांडीवर बसली होतीस, शाईच्या बाटलीत बोट घातलंस आणि काचेवर टेकवलंस. मी ओरडले. ताई ओरडली नाही. तिने शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, "हा तारा नाही. टिंबू." काच उलटी ठेवली की अक्षरं उलटी दिसतात, तुझ्या बाबांनी ती वाचली नाहीत, ठिपका मात्र गिरवला. वहीत सेहेचाळीस, नकाशात सत्तेचाळीस. ताई हसत होती ती याला. तिने त्याच संध्याकाळी त्यांना सांगितलं, आणि ते म्हणाले, "छापून झालंय, एका ठिपक्याने काय होतं?" पुढे तू तो तारा शोधायला निघालीस, दोन वर्षं रिकामं आकाश तपासलंस, स्फोट न होता गुपचूप आत कोसळलेला तारा म्हणून त्याच्यावर प्रबंध लिहिलास, आणि ते जेवणाच्या टेबलावर तुझी पाठ थोपटत बसले. मी समोर बसून भात कालवत होते. टिंबू, तो तारा कोसळला नाही. तो कधी नव्हताच. ते तुझं बोट आहे. मी सोमवारी ती काच पुसली तर तुझा प्रबंध राहील, बाबांचं सभागृह राहील, आणि तुझी आई मदत करणारी म्हणून राहील. नाही पुसली तर काय काय जाईल ते तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस. मी ती पुसणार नाही. मूल्य नाही असं तू लिहिलंयस, तर अकराला खाली ये, माझ्या शेजारच्या स्टुलावर बस, आधी ते अक्षर वाच आणि मग हवं तर तुझ्या हाताने पूस. बोळा ओला करून ठेवते. आणि वाचून झाल्यावर करंगळी त्या ठिपक्यावर ठेवून बघ, आता मावणार नाही.

रागावलेली, तरीही तुझीच,
मावशी