लिनिया कोणाच्या रिटर्नवर?

८ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
घडलं ते असं :
१. काल मी टॅक्स रिटर्न भरलं. धाकटी बहीण लिनिया, वय सतरा, आश्रित म्हणून दाखवली.
२. आज ते परत आलं. कारण : तिचा सोशल सिक्युरिटी क्रमांक दुसऱ्या एका रिटर्नवर आधीच आहे.
३. म्हणजे आईने वापरला. दोन वर्षांपूर्वी आई डुलुथची थंडी आणि आम्हाला सोडून अ‍ॅरिझोनाला गेली. तेव्हापासून लिनिया माझ्याकडे असते.
मला राग आलेला नाही. पाणी शुद्धीकरण प्लांटमध्ये मी मीटर तपासते. चुकीचा आकडा दिसला की दुरुस्त करते, एवढंच. फॉर्मवरच्या ‘कुटुंबप्रमुख’ या चौकोनात माझी खूण हवी, हा फक्त अचूकतेचा प्रश्न आहे.

९ फेब्रुवारी
संकल्प : लिनियाला काही सांगायचं नाही. आधी पुरावा.

११ फेब्रुवारी
गेल्या वर्षी लिनिया किती रात्री इथे झोपली, त्याचा तक्ता केला. ३६५ पैकी ३५८. उरलेल्या सात हॉकीच्या स्पर्धांच्या. तक्ता रंगीत केला. रंगांची गरज नव्हती. लिनियाने पाहिला आणि विचारलं की माझ्या झोपेची हजेरी का घेतेस? हीटरच्या वापराचा अभ्यास आहे, असं सांगितलं. तिला पटलं. बराच वेळ हसत होती.

१४ फेब्रुवारी
आईला फोन. आवाज शेवटपर्यंत तटस्थ ठेवला. आई म्हणाली, अगं इन्ग्रिड, वाढदिवसाला फोन केला तर उचलत नाहीस, आणि आज फॉर्मसाठी आई आठवली? माझ्या रिटर्नवर मी आणि मीच, मांजरसुद्धा नाही.
खोटं बोलतेय.
मग शेजारच्या मिसेस कोस्कींनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना? त्यांचे कान असामान्य तीक्ष्ण आहेत.

१५ फेब्रुवारी
आईला चार पानी पत्र पाठवलं. तक्ता जोडला.

२ मार्च
आईच्या रिटर्नची प्रत टपालाने आली. लिनियाचं नाव नाही. सोबत चिठ्ठी : ‘आता जरा स्वतःच्या घरात शोध.’
निष्कर्ष : कोणी अनोळखी चोर. उद्या जेवताना लिनियाला सावकाश सांगायचं. घाबरेल बिचारी.

३ मार्च
ओव्हनमधून काढून बटाट्याची हॉटडिश वाढली आणि सांगितलं की तुझा क्रमांक कोणीतरी चोरलाय, पोलिसांत जावं लागेल. लिनियाने काटा खाली ठेवला. म्हणाली, मग घाल बेड्या, चोर मीच.
ती शनिवारी डोनटच्या दुकानात काम करते. पगारातून कापलेला टॅक्स परत मिळावा म्हणून तिथल्या सगळ्या मुलींनी जानेवारीच्या अखेरीस, चहाच्या सुट्टीत, फोनवरच रिटर्न भरलं. त्यात प्रश्न होता : तुम्हाला कोणी आश्रित म्हणून दाखवू शकतं का? हिने ‘नाही’ दाबलं, म्हणजे तिचा क्रमांक तिच्याच रिटर्नवर.
प्रश्न नीट वाचला नाहीस, असं मी म्हणाले. ती म्हणाली, दोनदा वाचला. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मिसेस कोस्कींनी तुला विचारलं होतं, लिनियाचं सगळं आता तूच बघतेस ना? तू काय म्हणालीस? ‘नाही, आम्ही फक्त एका जागेत राहतो.’ मग, मॅडम मीटर? मी अचूक उत्तर दिलं.
ते उत्तर तांत्रिक होतं, असं मी सांगितलं. माझंही तांत्रिकच, असं म्हणून ती खोलीत गेली.
अर्धी हॉटडिश ताटात. मीठ जास्त झालं असावं.

४ मार्च
हॉटडिश पुन्हा चाखली. मीठ बरोबर आहे.

६ मार्च
फ्रिजवर लावलेल्या चिठ्ठीची नक्कल :
लिनिया,
तुझं रिटर्न दुरुस्त करता येतं. फॉर्म टेबलावर आहे, मी काही भरलेलं नाही.
थँक्सगिव्हिंगला मी चुकीचं उत्तर दिलं. योग्य उत्तर ‘हो’ होतं.
तू नाही म्हणालीस तरी तुझी खोली तुझीच राहील. तिचा फॉर्मशी संबंध नाही.
तुला माझ्या रिटर्नवर यायचं आहे का? कृपया शुक्रवार, १५ मार्चपर्यंत कळव.