जर-तरची शिकवणी

प्रिय निवी,

परवा फोन ठेवताना तू विचारलंस, अण्णा, आवाज असा का येतोय, आणि मी रेंजवर ढकलून मोकळा झालो. येलहंक्यात रेंज चांगली आहे. आवाज माझाच तसा होता. मला भीती वाटते आहे, बाळ. फोनवर सांगायची सोय नाही, कारण आपले फोन होतात ते आईच्या खाटेशी बसून, आणि माझा चेहरा वाचायला तिला कुठलीच भाषा लागत नाही. म्हणून कागदावर लिहितो आहे. फोटो काढून पाठवीन. अक्षर लागलं नाही तर चिडू नकोस.

आधी बरी बातमी सांगतो. मी पुढच्या वर्गात गेलो. यशवंतपूरच्या त्या जर्मनच्या शिकवणीत सगळ्या नर्स मुली, जर्मनीला नोकरीला निघालेल्या, आणि त्यांच्यात मी एक म्हातारा. माझ्या बाकावर भाग्यलक्ष्मी बसते, बीदरकडची. मराठी-कानडी एका दमात बोलते आणि मला अज्जा म्हणते. मी क्रियापदांचे तक्ते भुजंगप्रयातात बसवून पाठ करतो, तर तिला हसू आवरत नाही. म्हणते, अज्जा, तिथं पेशंटला इंजेक्शन देताना माझ्या तोंडून चाल निघाली तर पाप तुमच्या माथ्यावर. काय करू? आमच्या भगवंतराव मास्तरांनी डस्टरच्या ठेक्यावर कविता शिकवल्या. चाल लावल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरतच नाही. ‘इश हेटे, डू हेटेस्ट’, माझं नाव अमुक, तुझं नाव तमुक, हे वृत्तात बसत नाही म्हणा. ओढून बसवतो.

गंमत बघ. तीस-पस्तीस वर्षं तुझ्या आईनं या घराच्या पुढच्या खोलीत जर्मन शिकवलं आणि मी आतल्या खोलीत माझ्या शाळेतल्या कविता घोळवत बसलो. ती भाषा मला मालगाडीसारखी वाटायची, डब्याला डबा जोडलेला, शेवट दिसायचा नाही. एक शब्द शिकलो नाही. आणि मेंदूचा झटका आल्यावर इस्पितळात आईच्या तोंडून पहिले आवाज फुटले तेव्हा डॉक्टर नागराजांना ती बडबड वाटली, मलाही वाटली. हॅनोवरहून फोनवर तू ओरडलीस, अण्णा, आई पाणी मागतेय. मी पाणी दिलं. दुधाबरोबर आलेली मराठी गेली, गल्लीत खेळताना आलेली कानडी गेली, आणि राहिली ती मोठेपणी मेहनतीनं कमावलेली. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. बाकीच्या भाषा परत येतील किंवा नाही येणार, बघू स्वल्प दिवस. एकदा मी तिला आमच्या चौथीतली कविता म्हणून दाखवली. शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तशी ऐकत होती. मी मधेच थांबलो, तेही तिच्या लक्षात आलं नाही.

म्हणून शिकायला लागलो. पाणी, दुखतं का, खिडकी उघडू का, एवढं पहिल्या वर्गात आलं. सुरुवातीला मी तिला ‘झी’ म्हणायचो, म्हणजे आदरार्थी. पुस्तकातले सगळे संवाद नर्स आणि पेशंटचे, त्यामुळे तोंडात तेच बसलेलं. शिवाय मनात म्हटलं, हिनं आयुष्यभर मला अहो म्हटलं, आता आपली पाळी. आमचे सर, रणजीत, पोरगेलेसे आहेत, त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, अण्णा, बायकोला झी म्हणालात तर तिला वाटेल बँकेतून कुणी आलंय. ती मात्र मला पहिल्यापासून ‘डू’ म्हणते. तू. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि माझी बायको मला आत्ता तू म्हणू लागली. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी चहा गाळायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो आणि बराच वेळ तिथंच उभा राहिलो.

आता भीतीचं सांगतो. गळ्यातली ती अरुंद झालेली रक्तवाहिनी शस्त्रक्रिया करून साफ करायची म्हणजे पुढचा झटका टळेल, असं डॉक्टर म्हणतात. न केली तर तो कधीही येऊ शकतो. आणि केली, तर टेबलावरच येण्याचा धोकाही थोडा आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. तू म्हणालीस, अण्णा, सही करून टाका, आईनं मला हो म्हटलंय. म्हटलं, खरंच आहे. व्हिडिओवर तू विचारलंस आणि ती ‘या, या’ म्हणाली, म्हणजे हो, हो. पण निवी, मी शेजारीच बसलो होतो. त्याच फोनवर तू जेवलीस का विचारलंस, तेव्हाही ती ‘या’ म्हणाली होती, आणि सकाळपासून तिनं घास घेतला नव्हता. झोप लागते का, या. दुखत नाही ना, नाही. परदेशातल्या लेकीला आई दुसरं काय सांगणार? मी हे डॉक्टर नागराजांना बोललो. त्यांनी फॉर्म बाजूला सारला. म्हणाले, सरी, ठीक आहे, मग त्यांना सावकाश, नीट समजावून विचारा. महिनाअखेरपर्यंत थांबतो.

विचारू कशानं? माझ्याकडे पाणी आणि खिडकी होती. ‘असं झालं तर तुला काय हवं असेल’ हे विचारायची रूपं पुढच्या वर्गात होती. म्हणून मी पुढचा वर्ग घेतला. रणजीत सरांना वाटलं, म्हातारा लेकीकडे निघाला. मीही वाटू दिलं. गेल्या सोमवारी त्यांनी प्रत्येकीला जर-तरचं एक वाक्य करायला सांगितलं. कुणी म्हणालं, पैसे असते तर घर बांधलं असतं. भाग्यलक्ष्मी म्हणाली, पंख असते तर बसचं तिकीट काढलं नसतं. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, माझी बायको उठली नाही तर मी काय करीन? सरांनी फक्त माझं क्रियापद जागेवर नेऊन ठेवलं आणि खडू खाली ठेवून खिडकीपाशी गेले. परतताना भाग्यलक्ष्मी बसमध्ये शेजारी बसली आणि येलहंका येईपर्यंत माझ्याकडून ती वाक्यं म्हणवून घेत राहिली. चालीबद्दल एक अक्षर बोलली नाही.

काल सकाळी तिचं तोंड पुसलं, केस विंचरले, आणि खुर्ची ओढून बसलो. मी विचारलं. तिनं हात वर केला, माझी चूक दुरुस्त केली, आणि पुन्हा म्हणायला लावलं, मॅडमच ती. दुसऱ्यांदा नीट आलं. तेव्हा तिला कळलं मी काय विचारतोय ते. मी सगळं सांगितलं, केलं तर काय, नाही केलं तर काय. तिनं वेळ घेतला. एकेक शब्द जुळवत होती. मग म्हणाली ते तुला मराठीत सांगतो, कारण कालपासून ते माझ्या डोक्यात मराठीतच वाजतंय.

“नको. या खेपेला ही भाषासुद्धा गेली, तर मी तुझ्याशी कशात बोलू?”

मी म्हटलं, मी आहे ना, कशातही बोलू. ती नाही म्हणाली. मग माझा हात धरून पुन्हा नाही म्हणाली.

निवी, मी सही केलेली नाही. काल दिवसभर मनाला समजावत होतो की माझं जर्मन कच्चं आहे, ऐकण्यात चूक झाली असेल. शब्दकोश काढून बसलो, एकेक शब्द पडताळला. चूक निघाली नाही. आता कोणत्याही बाजूनं बघितलं तरी घाबरायला होतं. तिचं ऐकलं आणि उद्या झटका आला, तर तू मला काय म्हणशील? नाही ऐकलं आणि ती टेबलावरून मुकी परत आली, तर मी तिच्यासमोर कसा बसू? हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. डॉक्टरांना ‘नाही’ असं मी एकटा सांगू शकणार नाही. मिळेल त्या विमानानं ये. हे वाचून फोन करू नकोस, फोनवर ती तुला पुन्हा होच म्हणेल. इथं ये, तिच्या खाटेवर बस, आणि लेक म्हणून नाही, तिच्याकडे शिकायला आलेली कुणी असल्यासारखं विचार. उत्तराला तिला वेळ लागतो, तेवढी थांब. ती माझ्याशी बोलली तेच तुझ्याशी बोलली, तर डॉक्टरांच्या खोलीत माझ्याबरोबर चल.

तुझाच,
घाबरलेला अण्णा