शिवेवरचा मुका दगड

२ मे
काल सामानासकट मर्लकॉम्बला पोचलो. घर गावाच्या अगदी टोकाला; मागे ओढा, पुढे फुललेली सफरचंदाची झाडं. माझी बायको विनी खूश. पेट्या सोडायच्या आधी तिने चहा टाकला. चर्चचा मनोरा नॉर्मन राजांच्या काळचा, असं गावकरी छातीठोक सांगतात. साफ चूक. नॉर्मन कमान गोल असते; या कमानीला टोक आहे, म्हणजे मनोरा निदान शंभर वर्षं अलीकडचा. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही, पण दगड वाचायला माझा मी शिकलोय. या गावाचा खरा इतिहास मीच लिहिणार.

९ मे
आज शीव झोडपली. दरसाल या दिवसांत सगळा गाव वाळुंजाच्या ओल्या छड्या घेऊन शिवेवरून फिरतो आणि सीमेच्या दगडादगडावर फटके मारतो, की इथवर आमचं. पाद्रीबाबा पुढे, बिअरचं पिंप मागे. आमच्या घरामागे ओढ्याकाठी मात्र सगळ्यांनी छड्या खाली केल्या आणि तिथल्या दगडाकडे पाठ करून सरकले. मी टोकलंच. चर्चचा कारभारी टॉली म्हणाला, अहो इतिहासाचार्य, त्याला मारत नसतात, तो पलीकडच्याचा. पलीकडे कोण, असं विचारलं तर पबवाली हॅजेटबाई म्हणाली, कुणी नाही, आणि तसंच राहू दे की बाबा! सगळे हसले.
असला गबाळेपणा मला खपत नाही. ते पुढे गेल्यावर मी मागे फिरलो आणि त्या दगडावर तीन फटके ओढले. अगदी रीतसर.

११ मे
दुपारी मागच्या फाटकावर छडीचे तीन फटके. जाऊन पाहिलं, कुणी नाही. पोरांचा चावटपणा असणार. लाकडावर ओले वळ मात्र आहेत.

१२ मे
आज विहिरीच्या कठड्यावर. मग सफरचंदाच्या खोडावर. त्या झाडाचा मोहोर तासाभरात काळा पडला. टॉलीला गाठून सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला. म्हणाला, तुम्ही त्याची शीव मारलीत, आता तो तुमच्याकडे स्वतःची आखत येतोय.

१४ मे
दारावर. भर सकाळी. मी नको म्हणेपर्यंत विनीने उघडलं —
तिच्या मनगटावर तीन वळ. हात गार. शेकूनही गारच.

१५ मे
गाव आलंय, छड्या घेऊन. आमच्या पुढच्या फाटकाच्या गावाकडच्या बाजूने नवी शीव झोडपताहेत. घर बाहेर.
टॉली ओरडला, बाईंना पाठवा, वळांवर आमची छडी बसली की त्या आमच्या. तुम्हाला नाही घेता येत हो, मारणारा हात तुमचाच. हॅजेटबाई रडतेय.
विनी जाईना. खोटं बोललो — म्हटलं, तू हो पुढे, चष्मा घेऊन आलोच.

वरच्या खिडकीतून दिसतंय. पोचली. छडी बसली. मनगट चोळतेय — ऊब आली असावी —
आता सगळ्यांनी पाठ फिरवली. तिलाही धरून वळवलं. माझं नाव घेऊन ओरडतेय.

जिन्यावर. एक फटका.

माझ्या खुर्चीच्या पाठीवर —

विनी, मनोऱ्याचं मी म्हणतो तेच खरं, कमान नीट बघ, तिला टोक —

कागदावर वळ उठलाय. ओला. माझ्या बोटांच्या अगदी