कुसाबाईच्या हाताचा दावा

श्रावण वद्य ५, शके १८५८

वकिलाकडे गेलो. डॉक्टरांनी माझ्या बायकोचा, कुसाबाईचा मोडलेला हात फळ्यांत इतका करकचून बांधला की बोटे वाळली — एवढे सांगितले की दावा होतो, असे मला वाटे. भोळा! यादवराव वकील पान लावता लावता म्हणाले, डॉक्टर चुकले हे दुसऱ्या डॉक्टरने कोर्टात सांगावे लागते. आणि दावा इलाजाच्या दिवसापासून वर्षाच्या आत. नुसता वाळलेला हात चालत नाही. हात खोटे बोलत असेल बहुधा.

श्रावण वद्य ९

बायकोला घेऊन दवाखाने पालथे घातले. जो तो हात उलटासुलटा पाहतो, चुकचुकतो. बांधणाऱ्याचे नाव निघाले की घड्याळ पाहतो. एक म्हणाले, ईश्वरी इच्छा. ईश्वराने डॉक्टरकीची सनद कधी घेतली?

अधिक भाद्रपद शु. ११

पुरुषोत्तम मास. रोज पहाटे रामकुंडावर स्नान करून दाव्याला यश मागतो. डॉक्टरांचे वाईट मागत नाही — साक्षीदार तेवढा मागतो.

आज एका डॉक्टरांनी कुसाबाईचा हात आपल्या कंपाउंडरांना दाखवला — पाहा, असे बांधू नये. म्हटले, हेच कोर्टात सांगा.

"छे! हे शिकवण्यापुरतं."

विजयादशमी

देव पावला! इगतपुरीचे सलाउद्दीन डॉक्टर. एकेक बोट सरळ करून पाहिले. मग म्हणाले, "बोटं काळी पडली तेव्हाच सोडायला हवं होतं. मी सांगेन कोर्टात." वर्ष भरते कार्तिकी एकादशीला. सवड आहे.

कार्तिक शु. ६

साक्षीदार मिळाला म्हटल्यावर यादवराव हरखले. विचारले, हात बांधला कधी? म्हटले, गेल्या कार्तिकी एकादशीला — म्हणजे वर्षाला अजून अवकाश. त्यांनी जुने पंचांग चाळले. बोट एका जागी थांबले.

"सात नोव्हेंबर होता तो. यंदाचा सात उलटून दोन आठवडे होत आले. मुदत गेली, बाबा."

मध्ये अधिक महिना आला ना! सरकारच्या वर्षात तो नसतो. तेरा महिन्यांचे वर्ष देवाचे आणि माझे. ज्या महिन्याने मुदत खाल्ली, त्यातच मी रोज कुडकुडत यश मागत होतो. शहाणा!

कार्तिकी एकादशी

आज कुसाबाईला सांगितले. वाटले, रडेल. तिने पदर ओढून हात झाकला.

"सुटले मी. आता ह्यो हात कुणाला दाखवायला नेऊ नका."