शरारा अजून इथेच आहे

अम्मी,

दूरच्या लेकीचा सलाम घे. मी ठणठणीत आहे, कारखान्यात शिवणकाम भरपूर आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

माझ्या पोरीचं शेजारच्या सुताराच्या मुलाशी जमवल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि मला रडू कोसळलं. तुला वाटलं, आनंदाने रडतेय. मुलगा गुणी आहे, त्यात वाद नाही. तिचा निकाहचा शराराही शिवून झालाय, पण पाठवायला हात धजत नाही.

पोरगी तान्ही असताना तू हजला गेली होतीस, आठवतं? तेव्हा सुतारीण टायफॉइडने दवाखान्यात होती आणि तिचं बाळ, हाच मुलगा, भुकेने टाहो फोडायचं. मी त्याला पदराखाली घेतलं. त्याची दादी म्हणाली, कुणाला सांगू नकोस. आता दादीही नाही.

इथल्या मौलवींना मी दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून विचारलं. ते म्हणाले, "पाच वेळा पोटभर पाजलं असेल, तर ती दोघं दूधभावंडं. निकाह हराम. किती वेळा पाजलं?"

मी म्हणाले, तिला आठवत नाही.

खोटं बोलले, अम्मी. चाळीस दिवस पाजलं. निकाह थांबव.

पोरीला मीच सांगेन. काल फोनवर लाजत म्हणाली, "तो तर तुला आतापासूनच अम्मी म्हणतो."

तुझ्या दुआची भुकेली,
तुझी थोरली