शांतवन जातो कुठे?

१८ फेब्रुवारी, भस्म बुधवार

शांतवन माझ्याशी खोटं बोलतोय. कळायला मला महिना लागला. सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस कधी खोटं बोललाच नव्हता — ना त्याला सवय, ना मला!

दुपारी जेवतो आणि बाहेर पडतो. कुठे? तर म्हणे प्रार्थनेला. भरदुपारी कसली प्रार्थना? उपवासकाळातल्या घरोघरच्या प्रार्थना आजपासून सुरू होतात, त्याही संध्याकाळी. हा जातोय जानेवारीपासून. दिवेलागणीला येतो, आणि येतो तो गुणगुणत.

गुणगुणत! दिवाळीनंतर याचा उजवा पंजा कारखान्यात प्रेस मशीनखाली गेला. चर्चमध्ये उभा जन्म पेटी वाजवली, आता शर्टाची बटणं मी लावून देते. डिसेंबरभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. तेव्हा मला रडू यायचं, पण निदान समजत होतं. आता काही समजत नाही.

२० फेब्रुवारी

जवळ जाऊन वास घेतला. दारू नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

पाळकसाहेबांचा आजचा उपदेश दुःखात फुलणाऱ्या विश्वासावर. उदाहरण शोधायला लांब जायला नको म्हणाले, आपल्या शांतवनभाऊंकडे पाहा, हात गेला पण चेहऱ्यावर केवढा प्रकाश आहे! सगळ्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. शांतवनने खाली पाहिलं. मला वाटलं, लाजला. पण लाजला की याचे कान लाल होतात. आज पांढराफटक पडला होता.

हे फुलणं-बिलणं मला पटत नाही. माझं आणि देवाचं नोव्हेंबरपासून बोलणं बंद आहे. चर्चला जाते, गीताला उभी राहते, तोंड हलवते, आवाज काढत नाही. एका घरातली आम्ही दोघं, एकच संकट. मग फुलायचं फक्त त्याच्या वाट्याला आणि जळायचं माझ्या? याचा आनंद कुठून तरी येतोय, आणि जिथून येतोय तिथे मी नाही. हेच मला झोंबतं. दुसरं काही नाही.

बाहेर पडताना महिला मंडळाच्या कलाबाईंनी गाठलं. काल भाऊंना निमाणी स्टँडवर बसमध्ये चढताना पाहिलं म्हणे. कुठली बस, ते काही पाहिलं नाही. कलाबाई, आणि पाहिलं नाही! असो.

२६ फेब्रुवारी

पिशवीतून मेथी आणि काटेरी वांगी निघाली. विचारलं तर म्हणाला, बाजारातून आणली. बाजारातल्या मेथीची जुडी बांधलेली असते. ही नुसती उपटून कोंबलेली, मुळांना ओली काळी माती. कोणाच्या तरी वाफ्यातली आहे. कोणाच्या?

भाजी मात्र फक्कड झाली. रागारागाने एक भाकरी जास्तच खाल्ली.

३ मार्च

कंपनीचे साहेब घरी येऊन गेले. ईस्टरनंतरच्या सोमवारपासून शांतवनला स्टोअरमध्ये बसून करायचं काम देणार आहेत. माझ्या जीवात जीव आला. बालवाडीच्या पगारावर किती ताणणार? पण हा गडी म्हणतो, "बघू." बघू? अरे, काय बघू!

साहेब उठता उठता म्हणाले, त्या महेशला आम्ही कायमचं काढलंय, वहिनी, तुम्ही निश्चिंत राहा. शांतवन उठला आणि पाणी प्यायला आत गेला. परत आलाच नाही.

त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे कोणाचा हात आत राहायला नको. पण त्याने काम हळू होतं, म्हणून लोक एक बटण पट्टी बांधून दाबूनच ठेवतात. त्या दिवशी तसंच बांधलेलं होतं. शांतवन आत हात घालून डाय, म्हणजे साचा, बसवत होता आणि महेशचा कोपर दुसऱ्या बटणावर पडला. मशीन महेशचं, म्हणजे पट्टी महेशचीच. सगळे तेच म्हणाले. त्याने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. म्हणणार तरी कुठल्या तोंडाने?

दवाखान्यात साहेबांना मीच ओरडून सांगितलं होतं, हा माणूस पुन्हा कारखान्यात दिसता कामा नये. शांतवन तेव्हा शुद्धीवर नव्हता. महेशची बायको सायली द्राक्षं घेऊन आली होती, ती पिशवी मी दारातूनच तिच्या हातात परत कोंबली. उद्या आली तर उद्याही कोंबेन.

९ मार्च

सरळ विचारलं. बाई आहे का कोणी?

इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. पन्नाशी उलटलेल्या, एका हाताच्या माणसाला कोण विचारतंय म्हणाला. मग डोळे पुसून म्हणाला, "करुणा, मला थोडे दिवस दे."

थोडे दिवस कशाला हवे असतात माणसाला? काहीतरी लपवायला, नाहीतर काहीतरी आवरायला. नाही देणार.

१४ मार्च, शनिवार

गेले त्याच्या मागे. मुलींसारखा तोंडाला स्कार्फ गुंडाळला, डोळे तेवढे उघडे. या वयात! कुंभाच्या कामांनी सगळे रस्ते उकरून ठेवलेत, बस मुंगीच्या पावलाने चालली होती. तो पुढे, मी अगदी मागे. एकदाही वळून पाहिलं नाही. सायखेड्याला उतरला.

गावाबाहेर नदीकडच्या अंगाला पत्र्याचं घर. पुढे कांद्याचा ढीग. शांतवन ओळखीच्या घरी जावं तसा आत गेला, चपला काढल्या, घोंगडीवर बसला. घरातली बाई ताट घेऊन आली आणि त्याची भाकरी कुस्करून द्यायला लागली. माझं काम! मी स्कार्फ ओढून काढला आणि तरातरा अंगणात गेले.

ती बाई सायली होती. आणि कांदे निवडता निवडता उठून उभा राहिला तो महेश.

माझ्या तोंडून काय काय गेलं ते लिहिण्यासारखं नाही. बालवाडीतल्या बाईला असले शब्द येतात हे मलाही आजच कळलं. महेश मान खाली घालून ऐकत राहिला. दाढी वाढलेली, अंगात कारखान्याचाच निळा शर्ट. शांतवन म्हणाला, "करुणा, बस. दोन घास खा." दोन घास! त्या घरात!

निघाले. सायली रस्त्यापर्यंत मागे धावत आली. मला वाटलं, गयावया करणार, कामावर परत घ्यायला सांगा म्हणणार. तर म्हणाली, "काकू, तुम्ही आमाला काय बी बोला. पन काकांना यायचं नका थांबवू. त्यांचाच जीव घुसमटंल."

त्याचा का घुसमटेल? काय पढवून ठेवलंय या लोकांनी?

१५ मार्च, रविवार

रात्रीपासून अबोला. एवढंच विचारलं होतं, मला न विचारता क्षमा कशी केलीस? हात तुझा गेला हे खरं, पण त्या हाताने माझंही घर चालत होतं, माझीही परवानगी लागते!

उपासनेनंतर मंडळाच्या प्रार्थनेत माझा धीर सुटला. प्रार्थनेचा विषय म्हणून सगळं सांगून टाकलं, सायखेड्यासकट. म्हटलं, माझ्या नवऱ्याला अक्कल येवो अशी प्रार्थना करा.

आमच्यात गुपित फोडायचा हा हक्काचा रस्ता. चहाडी म्हटलं की पाप, प्रार्थनेचा विषय म्हटलं की सेवा. संध्याकाळपर्यंत कलाबाईंच्या सेवेने अख्खी मंडळी व्यापली. आणि गंमत बघा — माझ्या तक्रारीची झाली विश्वासाची साक्ष! ज्याने हात घालवला त्याच्या घरी शांतवनभाऊ रोज जातात, जेवतात, त्याला क्षमा करतात. पाच फोन आले. एक बाई तर फोनवर रडली.

२२ मार्च, रविवार

उत्तम शुक्रवारच्या तीन तासांच्या उपासनेत येशूच्या क्रुसावरच्या सात शब्दांवर, म्हणजे सात वाक्यांवर, मंडळीतली सात माणसं बोलतात. कोणाला कितवा शब्द, हे पाळकसाहेब ठरवतात. आज नावं वाचली. पहिला शब्द, क्षमेचा — शांतवनभाऊ.

टाळ्या वाजवायची पद्धत नाही म्हणून, नाहीतर वाजवल्या असत्या.

शांतवन उभा राहून म्हणाला, मला नको, दुसऱ्या कोणाला द्या. पाळकसाहेब हसले, हीच ती नम्रता म्हणाले. मग शांतवन म्हणाला, बरं, बोलतो.

मला यातलं काही सरळ वाटत नाही. गेला आठवडाभर गुणगुणणंही बंद आहे. लोक मोठेपणा द्यायला लागल्यापासून याचा चेहरा डिसेंबरसारखा झालाय. मोठेपणा कोणाला असा बाधतो?

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

लोक येऊन येऊन त्याचा डावा हात हातात घेत होते. खोटं कशाला लिहू, मलाही थोडं बरं वाटलं. संताची बायको! मग वाटलं, खरंच केली असेल का क्षमा? इतकी सोपी असते? घरी येऊन मीही करून पाहिली. डोळे मिटून महेशचा चेहरा आणला. तो निळा शर्ट दिसला आणि दात आपोआप आवळले गेले. नाही जमत. कोणाला कसं जमतं, देव जाणे, आणि तो सध्या मला काही सांगत नाही.

१ एप्रिल

सकाळी बटणं लावून देत होते. शांतवन म्हणाला, "सोमवारची नोकरी गेली तर आपलं भागेल?"

का जाईल? कोणी काही म्हटलं का? साहेबांचा फोन आला होता का? माझे दहा प्रश्न. आणि हा म्हणतो, शुक्रवारी पुढच्या बाकावर बस. मी कधी मागे बसते?

याच्या मनात काहीतरी शिजतंय. कंपनीच्या साहेबांना हा उपासनेचं आमंत्रणही देऊन आला, हे मला बाहेरून कळलं! ते कशाला? साहेबांचा आणि चर्चचा संबंध काय? महेशला परत कामावर घ्या असं भर उपासनेत सांगणार, आणखी काय! स्वतःच्या पोटावर पाय देऊन त्याची रदबदली.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार

पट्टी शांतवनने बांधली होती.

दुपारी, भरल्या चर्चमध्ये, साहेबांच्या देखत त्याने हे सांगितलं. घाई होती, काम लवकर उरकायचं होतं, महेश नको म्हणत असताना बांधली. शुद्धीवर आला तेव्हा दोष वाटून झाला होता आणि महेश घरी बसला होता. जानेवारीत त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. महेशने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "काका, मी तर तवाच नको म्हनलो व्हतो. पन तुमचा हातच गेला. वर अजून काय बोलायचं?" आणि सायलीला म्हणाला, ताट वाढ.

"मी कोणाला क्षमा केली नाही," शांतवन म्हणाला. "मला मिळाली. त्या दिवसापासून मी जिवंत आहे. पण तुम्हाला सांगायची, आणि करुणाला सांगायची हिंमत आज झाली." मग बाकावर येऊन माझ्या शेजारी बसला. दुसऱ्या शब्दाला उठायचं कोणाला सुचेना. साहेब मधूनच निघून गेले. नोकरी गेली.

घरी येऊन मी खूप रडले. त्याने पाठीवर डावा हात ठेवला, मी झटकला नाही.

उद्या सायखेड्याला निघालेय. मीही येतो म्हणाला. नको म्हटलं. तू तुझं मागितलंस, माझं मला मागू दे.